रॉ फाइलचे जेपेगमध्ये रूपांतर कसे करावे

रॉ फाइलच्या नावापुढचा शेपटा पुसून तिथे जेपीजी लिहिले की काम झाले, असा समज पुष्कळांचा असतो. प्रत्यक्षात त्याने केवळ नाव बदलते. निकॉनची एनईएफ, कॅननची सीआर३ किंवा सोनीची एआरडब्ल्यू यांपैकी कोणतीही फाइल घेतली, तरी तिच्यात तयार चित्र नसून सेन्सरने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाने, केलेल्या प्रकाशाच्या नोंदी असतात. बहुतेक सेन्सरांवर प्रत्येक पिक्सेलपुढे लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच गाळणी बसवलेली असल्यामुळे उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने ठरवावे लागतात, आणि हे काम रूपांतर करणारा प्रोग्राम करतो.

१४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये प्रकाशाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात, तर नेहमीच्या ८ बिटांच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला केवळ २५६ पायऱ्या मिळतात. म्हणून उजेड आणि रंग यांबाबतचे सर्व निर्णय रूपांतरापूर्वीच घ्यावेत. जेपेग तयार झाल्यावर सावलीतला चेहरा उजळायला गेल्यास तिथे डाग आणि पट्टे उमटू लागतात.

लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर चालणारा डार्कटेबल हा मोफत प्रोग्राम या कामाला पुरेसा आहे. त्यात फोटोंचा फोल्डर आणून एका फोटोवर दोनदा क्लिक केले की संपादनाचा भाग उघडतो. आधी उठावदार दिसणारा फोटो इथे एकदम फिका पडला, तर घाबरू नये: आधी दिसले ते कॅमेऱ्याने रॉ फाइलमध्येच ठेवलेले छोटे जेपेग होते, आणि आता दिसते आहे ती प्रोग्रामने स्वतः केलेली मांडणी आहे. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत प्रथम व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे यासाठीचा रंगांचा समतोल) सुधारावा, नंतर एक्सपोजर (फोटोचा एकूण उजेड) ठरवावे. सेन्सरचे तिन्ही रंग जिथे पूर्ण भरून गेले आहेत, त्या पांढऱ्याफटक भागात तपशील उरलेलाच नसतो. तो परत आणण्यात वेळ घालवू नये.

एकाच प्रकाशात काढलेले अनेक फोटो असतील, तर एकावर केलेले बदल कॉपी करून इतरांवर पेस्ट करता येतात. त्यानंतर फोटो निवडून उजवीकडच्या एक्सपोर्ट विभागात जेपेग हा प्रकार, ९० ते ९५ गुणवत्ता आणि एसआरजीबी (बहुतेक पडदे वापरतात ती रंगांची व्यवस्था) हे रंगप्रोफाइल ठेवावे. यांतले प्रोफाइल लोक हमखास विसरतात, आणि मग दुसऱ्याच्या मोबाइलवर रंग मेलेले दिसले की खापर कॅमेऱ्यावर फोडतात. शेकडो फोटो एकदम एक्सपोर्ट करण्यापूर्वी एकच करून तो पूर्ण आकारात तपासावा.

फोटोवर पुढे आणखी काम करायचे असेल, तर १६ बिटांचे टिफ (तपशील न गमावता चित्र साठवणारा फाइलप्रकार) निवडावे; मात्र २४ मेगापिक्सेलचा असा एक फोटो संकोचन न करता सुमारे १४४ मेगाबाइटांचा होतो. छपाईसाठी हे ओझे वाहण्यापूर्वी छापणाऱ्याला टिफ चालते का, हे विचारून घ्यावे, कारण अनेक ठिकाणी जेपेगच मागतात.

या सगळ्यात मूळ रॉ फाइल बदलत नाही. केलेले फेरफार शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहिले जातात, त्यामुळे फोटो दुसऱ्या डिस्कवर हलवताना दोन्ही फाइली बरोबरच न्याव्यात.