महाबळेश्वरी स्ट्रॉबेरीतून डीएनए कसा काढावा?

थंडी पडली की साताऱ्यात राजवाड्याच्या आसपास, पोवई नाक्यावर हातगाड्यांवर लाल डबे दिसायला लागतात. वाई-पाचगणी, मेढ्याच्या रस्त्याने खाली आलेली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. वरच्या थरात टपोरी फळं, खालच्या थरात बसकी, मऊ पडलेली. घरी आल्यावर वरची आपण खातो आणि खालची बघून गाडीवाल्याच्या नावाने बोटं मोडतो. आज काम त्या खालच्याच फळांचं आहे. डीएनए काढायला ती वरच्यांपेक्षा चांगली. फळ पिकताना त्यातली विकरं (एन्झाइम) पेशींच्या भिंती आतून सैल करत आणतात, म्हणजे आपलं अर्धं काम झाडानेच करून ठेवलेलं असतं. बुरशी लागलेलं फळ मात्र नको, नाहीतर बुरशीचाही डीएनए त्यात येईल.

डीएनए म्हटलं की पुस्तकातली पीळ दिलेली शिडी डोळ्यांसमोर येते, आणि तो फक्त मोठ्या प्रयोगशाळेतच दिसत असणार असं वाटतं. एकटा रेणू आपल्याला डोळ्यांनी दिसणारच नाही. पण असे कोट्यवधी रेणू एकत्र गोळा केले तर ते काडीवर गुंडाळता येतात. स्वयंपाकघरातल्या सामानात, तासाभरात हे जमतं. फक्त प्रत्येक पायरी कशासाठी आहे ते कळलेलं हवं, म्हणजे फसलं तर कुठे फसलं तेही कळतं.

सामान

तीन-चार पिकलेली स्ट्रॉबेरी, अर्धा कप (साधारण १०० मिलिलिटर) पाणी, दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड, अर्धा चमचा मीठ, एक जाड प्लास्टिकची पिशवी, चहाची गाळणी, जुन्या सुती धोतराचा किंवा रुमालाचा तुकडा, एक अरुंद पारदर्शक काचेचा ग्लास आणि अगरबत्ती जळून उरलेली बांबूची काडी. भांडी घासायची वडी वापरू नका. तिच्यात पांढरी भुकटी भरलेली असते, ती गाळणीतून खाली उतरते आणि शेवटी पांढरं दिसतंय ते नेमकं काय, हेच समजत नाही.

खरी अडचण अल्कोहोलची. मेडिकलमध्ये सर्जिकल स्पिरिट मागा, किंवा मोबाइल दुरुस्तीवाले सर्किट पुसायला वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. हातावर चोळायचं जेलसारखं सॅनिटायझर चालत नाही. आणलेलं स्पिरिट जितकं गार तितकं बरं. बर्फाच्या तुकड्यांत मूठभर मीठ घालून त्यात घट्ट झाकणाची बाटली अर्धा तास उभी करा. कुल्फीवाल्याची ही जुनी युक्ती, बर्फाचं तापमान शून्याच्या खाली नेते. स्पिरिट पेट घेतं, म्हणून हे सगळं गॅसच्या ओट्यावर न करता बाहेरच्या टेबलावर, खिडक्या उघड्या ठेवून करायचं आणि देवघरातला दिवा लांब आहे ना ते आधी बघायचं. मुलं करत असतील तर मोठं माणूस शेजारी हवंच.

पहिली भिंत: फळ चिरडणं

देठ, हिरवी पानं काढून फळं पिशवीत घाला, हवा काढून तोंड बांधा आणि बोटांनी दोन-तीन मिनिटं चांगली कुस्करा. गुठळी राहू देऊ नका. वेळ असेल तर फळं आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी वितळू द्या. पेशीतल्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक होतात आणि तेच भिंतींना भोकं पाडतात.

इथे मिक्सर काढायचा मोह होतो. मलाही झाला होता. कॉलेजात असताना मी फळांचं अगदी सरबत होईपर्यंत मिक्सर फिरवला आणि शेवटी ग्लासात धाग्यांऐवजी नुसता पांढुरका गढूळपणा आला. डीएनए लांबीला प्रचंड आणि जाडीला काहीच नाही, पात्याच्या फेऱ्यात त्याचे तुकडे होतात. तुकडे काडीवर गुंडाळले जात नाहीत.

दुसरी भिंत: साबण आणि मीठ

पाण्यात आधी मीठ विरघळवा, मग लिक्विड घालून चमच्याने सावकाश हलवा. फेस येऊ द्यायचा नाही. यातले चार-पाच चमचे पिशवीत घालून आणखी मिनिटभर हलक्या हाताने चोळा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या.

वनस्पतीच्या पेशीला बाहेरून भित्तिका असते, तिच्या आत पटल आणि आणखी आत केंद्रकाचं पटल. भित्तिका आपण चिरडून फोडली. दोन्ही पटलं मुख्यतः स्निग्ध पदार्थांची. तेलकट कढईवर साबण जे करतो तेच इथेही करतो, पटलं विस्कटतात आणि केंद्रकातला डीएनए बाहेर सांडतो. मिठाचं काम पुढच्या पायरीसाठी आहे. डीएनएच्या कण्यावर ऋण प्रभार असतो, त्यामुळे त्याचे धागे एकमेकांना दूर लोटतात. मिठातले सोडियमचे धन आयन तो प्रभार झाकतात आणि धागे जवळ येऊ शकतात. मीठ विसरलं तर अल्कोहोल कितीही गार असो, धागे नीट जमत नाहीत.

गाळणं

गाळणीत ओलं करून पिळलेलं कापड घाला, लगदा ओता आणि रस आपोआप खाली गळू द्या. जोरात पिळू नका. दोन-तीन चमचे गुलाबी रस मिळाला तरी पुष्कळ.

शेवटची पायरी: गार स्पिरिट

रस ग्लासात घ्या. ग्लास तिरका धरा आणि जेवढा रस तेवढंच, फार तर दुप्पट, गार स्पिरिट कडेवरून अगदी संथ धारेने सोडा. खाली लाल रस, वर स्वच्छ स्पिरिट असे दोन थर दिसले पाहिजेत. आता ग्लास ठेवा आणि हात लावू नका. डीएनए पाण्यात विरघळतो, अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. दोन थर भेटतात तिथे आधी बारीक बुडबुडे, मग ढगासारखा पांढरा जाळीदार गुंता तयार होतो आणि पाच-दहा मिनिटांत वर तरंगायला लागतो. अगरबत्तीची काडी त्या सीमेवर नेऊन एकाच दिशेने हळूहळू फिरवा. गुंता काडीला लपेटत वर येतो.

माझ्या भाचीने पहिल्यांदा हे वर काढलं तेव्हा ती तोंड वाकडं करून म्हणाली, "मामा, हे शेंबडासारखं दिसतंय." तिचं चुकलं नव्हतं. या शोधाची सुरुवातही अशाच किळसवाण्या गोष्टीतून झाली. १८६९ मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगेन गावी फ्रीडरिक मीशर हा तरुण स्विस डॉक्टर इस्पितळातून आलेल्या जखमांच्या पट्ट्यांवरचा पू धुऊन त्यातल्या पांढऱ्या पेशी गोळा करत होता. त्या पेशींच्या केंद्रकांतून त्याला एक वेगळाच पदार्थ मिळाला, त्याला त्याने न्यूक्लीन असं नाव दिलं. प्रथिनं काढून टाकायला त्याने डुकराच्या जठरातलं पेप्सिन वापरलं. आणि त्याची प्रयोगशाळा होती तिथल्या किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघरात! तेव्हा आपण स्वयंपाकघरातल्या सामानात हे करतो यात कमीपणा काहीच नाही. पुढे या रेणूची दुहेरी पिळाची रचना समजायला १९५३ साल उजाडावं लागलं. रोझलिंड फ्रँकलिनच्या क्ष-किरण अभ्यासाचा आधार घेऊन वॉटसन आणि क्रिक यांनी ती मांडली.

काडीवर नेमकं काय आहे?

डीएनएच्या एका पिळाची जाडी सुमारे २ नॅनोमीटर. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड. म्हणजे काडीवरचा धागा हा एक रेणू नाही, असंख्य रेणूंचा दोरखंड आहे. आणि तो शुद्धही नाही. त्यात प्रथिनं आहेत, आरएनए आहे आणि पेक्टिन आहे. पेक्टिनही अल्कोहोलमध्ये साकळतं. जॅम करणारे फळात पेक्टिन किती हे पाहायला रसात अल्कोहोल घालून बघतात. यूट्यूबवर पांढरं दिसलं की "हाच डीएनए" म्हणून टाळ्या वाजतात, ते मला खटकतं. फरक ओळखायला थोडी नजर लागते: पेक्टिनचा जेलीसारखा गोळा होतो आणि काडीवरून घसरतो, डीएनए तंतूसारखा ताणला जातो. खात्री हवी असेल तर शेजारी दुसरा ग्लास ठेवा. त्यात सगळं तेच करायचं, फक्त साबण घालायचा नाही. पटलं शाबूत राहिली की डीएनए बराचसा आतच अडकतो, आणि दोन ग्लासांतला फरक तुम्हाला खूप काही सांगतो. शाळेच्या प्रदर्शनात हा दुसरा ग्लास ठेवणारी मुलं मला जास्त हुशार वाटतात.

प्रथिनं कमी करायची असतील तर गाळलेल्या रसात कच्च्या पपईचा चमचाभर रस घालून दहा मिनिटं थांबा. मटण शिजवताना आपण पपई घालतो ती याचसाठी, तिच्यातलं पपेन प्रथिनं तोडतं. मीशरचं पेप्सिन आणि आपली पपई एकाच कामाला.

स्ट्रॉबेरीच का?

सगळीकडे कारण सांगतात की स्ट्रॉबेरीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, म्हणून डीएनए भरपूर. पहिला भाग खरा आहे. आपल्याकडे लावली जाणारी स्ट्रॉबेरी अष्टगुणित, सात गुणसूत्रांचे आठ संच, एकूण ५६. माणसाची ४६. पण संच जास्त म्हणजे डीएनए जास्त, असं होत नाही. स्ट्रॉबेरीचा प्रत्येक संच अगदी छोटा आहे. तिच्या एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर साधारण हातभर, अर्ध्या मीटरच्या आसपास भरेल. माणसाच्या पेशीतला सुमारे २ मीटर. आणि ज्याची फक्त १६ गुणसूत्रं आहेत त्या कांद्याच्या एका पेशीतला १० मीटरच्याही वर, नऊवारी साडीपेक्षा लांब! तेव्हा स्ट्रॉबेरीचं खरं मोठेपण तिच्या मऊपणात आहे. ती सहज चिरडते, आणि लाल रसावर पांढरा धागा उठून दिसतो.

कांद्यावर हाच प्रयोग उत्तम होतो. बारीक चिरून खलबत्त्यात ठेचा आणि साबणाच्या पाण्यात थोडा जास्त वेळ ठेवा. केळंही चालतं. सांगलीकडच्या वाचकांना ओली हळद घ्यावीशी वाटेल, पण सुरुवात तिच्याने करू नका. गड्ड्यात स्टार्च आणि पिवळी रंगद्रव्यं इतकी की हाती चिकट पिवळा लगदाच येतो.

फसलं तर

काहीच दिसत नसेल तर आधी स्पिरिटवर संशय घ्या: गार नव्हतं, किंवा पातळ होतं. थर एकमेकांत मिसळले असतील तर स्पिरिट घाईने ओतलं गेलं. आणखी गार स्पिरिट घालून पंधरा मिनिटं थांबा, बऱ्याचदा काम होतं. वर फेसच फेस दिसत असेल तर चमच्याने काढून टाका. ढग आला पण काडीवर चढत नसेल तर धागे तुटलेत, पुढच्या वेळी हात हलका ठेवा. सगळं नीट करूनही काही नाही, असं असेल तर फळ कच्चं असणार.

प्रयोगशाळेत याच्यापुढे काय करतात?

पायऱ्या बहुतेक याच, सामान मात्र वेगळं. वनस्पतींसाठी साबणाच्या जागी सीटॅब नावाचं रसायन घेतात आणि मिश्रण साधारण ६५ अंश सेल्सियसवर ठेवतात. त्यात ईडीटीए असतं. डीएनए तोडणाऱ्या विकरांना मॅग्नेशियम लागतं, ईडीटीए ते धरून ठेवतं, म्हणजे विकरं थंडावतात. मग क्लोरोफॉर्मने प्रथिनं वेगळी करतात आणि शेवटी आपल्यासारखंच गार अल्कोहोल. शुद्धता बघायला २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण मोजतात. पहिल्याला दुसऱ्याने भागून उत्तर १.८ च्या आसपास आलं तर डीएनए स्वच्छ.

त्यापुढे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं. हवा असलेला तेवढाच तुकडा ९५ अंशांना उलगडायचा, ५५ च्या आसपास प्रायमर (नवी साखळी जिथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे) चिकटवायचे, ७२ ला नवी साखळी बनवायची. एका फेरीत दुप्पट, ३० फेऱ्यांत एकाचे १०७ कोटी. उरलेलं पेक्टिन याच पायरीवर नडतं, नवी साखळी बनवणाऱ्या विकराचं काम अडवतं. तयार झालेले तुकडे ॲगारोजच्या जेलमध्ये विजेवर पळवतात. ऋण प्रभारामुळे ते धन टोकाकडे धावतात, लहान तुकडे पुढे आणि मोठे मागे.

याचा शेताशी काय संबंध, असं एका स्ट्रॉबेरीवाल्याने मला विचारलं होतं. रोपं विंटर डॉन या जातीची म्हणून घेतली, ती खरंच विंटर डॉनची आहेत का, हे डीएनएवरून ताडता येतं. स्ट्रॉबेरीची रोपं रनरपासून, म्हणजे जमिनीवर सरपटत जाणाऱ्या फुटव्यांपासून करतात, म्हणून एका मातृरोपाची सगळी रोपं जनुकांनी सारखीच. अशा तपासणीला कोवळं पान घेणं बरं. लाल गर हा आईच्याच रोपाचा भाग असतो, पण बाहेरचे ते बारीक पिवळे दाणे, ज्यांना आपण बिया म्हणतो, ती वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने खरी फळं. प्रत्येकात एक बी, आणि त्यातल्या गर्भात परागाकडूनही अर्धा डीएनए आलेला असतो. शेजारच्या वाफ्यात दुसरी जात असेल तर तिचाही असू शकतो.

ठेवायचं कसं?

काडीवरचा गुंता एका छोट्या काचेच्या बाटलीत सोडा, वरून स्पिरिट भरा, झाकण घट्ट लावा आणि थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. महिनोन्‌महिने राहतो. चिठ्ठीवर फळाचं नाव, तारीख आणि मोठ्या अक्षरात "खाऊ-पिऊ नये" लिहा. उरलेला रस आणि स्पिरिट भरपूर पाणी सोडत मोरीत ओता, आणि कापड धुतल्याशिवाय ओट्यावर परत नेऊ नका.