माळावर झाडं लावायच्या आधी हे वाचा

ज्याच्याकडे थोडी मुरमाड जमीन आहे, सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणजे पिकाला न येणारी म्हणून लागलेली, त्याला दर जूनमध्ये कोणीतरी भेटतोच की अरे झाडं लाव की, नुसतं ओसाड पडलंय. मी पण ऐकलं होतं. पुरंदर आणि बारामतीच्या शिवेला आमचा ४ एकराचा माळ आहे, त्यात ३०० रोपं लावली, उन्हाळाभर टँकर आणला, दुसऱ्या वर्षी मोजून ११ जगली. रोपं गेली त्याचं एवढं नाही वाटत, पण खड्डे काढताना गवताचे जे जुने ठोंब उपटून फेकले ते भरून यायला ५ वर्षं लागली. म्हणून ज्यांना आपल्या रानात सशाला, खोकडाला (माळावरचा छोटा कोल्हा), पाखराला जागा ठेवायचीय त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि हे फक्त आपल्या पठारावरच्या कमी पावसाच्या भागापुरतं आहे, कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या जमिनीला हे लावू नका, तिथलं गणित वेगळं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वीतभर माती, खाली मुरूम, अशा जागी गवत आणि मधेमधे एखादी बोर, हिवर, तरवड, नेपती हेच मूळचं आहे. चिंकारा, काळवीट, लांडगा, खोकड, आणि धाविक, चंडोल हे पक्षी, ही सगळी उघड्यावर राहणारी मंडळी, त्यांना लांबवर नजर जायला लागते. तिथं ग्लिरिसिडियाची दाट लाईन उभी केली की ती निघून जातात. आणि ती जातील कुठं? सुप्याचं मयुरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटर, रेहेकुरी तर सव्वादोनच्या आत. एवढ्यात लांडग्याचा एक कळप पण मावत नाही. म्हणजे ही जनावरं खरी जगतात ती गायरानावर, पडीक रानात, तुमच्या-आमच्या माळावर.

पहिल्या वर्षी काही करू नका. खरंच. फक्त फिरा, आणि जमलं तर एखाद्या म्हाताऱ्या मेंढपाळाला सोबत घ्या, त्याला गवतं पुस्तकवाल्यांपेक्षा जास्त कळतात. सगळीकडे नुसती कुसळच असेल, चालताना पँटीत घुसणारी, तर समजायचं की इथं चराई आणि वणवा दोन्ही बेसुमार झालंय. कुसळीचं बी ओल लागली की पीळ सोडत मातीत घुसतं त्यामुळे ते आगीतून वाचतं, बाकीच्यांचं जळून जातं. पवना, मारवेल, डोंगरी ही चांगली गवतं कुठं सापडतील तर बोरीच्या बुंध्याशी, बांधावरच्या काट्यात, जिथं शेळीचं तोंड पोचत नाही. त्या जागा लक्षात ठेवा, तीच तुमची बियाण्याची कोठी.

मग राखण. सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो आणि याला पैसे लागत नाहीत, बोलायला लागतं. जूनच्या पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत माळावर एकही जनावर नाही, शेजाऱ्याचं नाही आणि स्वतःचं तर अजिबात नाही. पावसाळ्यात गवत वाढतं, फुलतं, बी धरतं, आणि त्याच दिवसात बरेच चंडोल गवताच्या बुडाला घरटं करतात, शेळ्या-मेंढ्या त्यातून गेल्या की दोन्ही संपतं. आमच्याकडे एक धनगर कुटुंब दरवर्षी थांबतं. मी पहिल्या वर्षी काटेरी तार मारायच्या विचारात होतो, चुलते म्हणाले तार नको, चहा पाज. बसलो, बोललो, ठरलं असं की बी झडल्यावर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत आठ-दहा दिवस माळ त्यांचा, आणि तेवढ्यात खालच्या वावरात मेंढरं बसवायची. मला लेंडीखत, त्यांना गवत. तेव्हापासून आमचा माळ तेच राखतात, दुसऱ्याची शेळी आली तर मला फोन येतो.

तार मारायचीच असेल तर काटेरी नको, चिंकारा आणि ससे अडकून फाटतात. साधी तार, आणि खालची ओळ जमिनीपासून दीड फूट वर. आणि लाईटची डायरेक्ट तार कुंपणाला जोडायचा विचार पण करू नका, त्यात जनावर मरतं, माणूस पण मरतो, आणि जेल होते ती वेगळीच.

आता काय काढायचं. वेडी बाभूळ नुसती तोडून उपयोग नाही, एकाच्या जागी दहा फुटतात. बुडखा जमिनीखाली फूटभर खणून मुळासकट काढायला लागतो, आणि ते काम दोन-तीन पाऊस झाल्यावर, माती मऊ असताना. जेसीबी लावू नका, तो बाभूळ काढतो आणि वीतभर माती पण घेऊन जातो. एकदम सगळी पण काढू नका, तिच्याच बुडाला खोकडाचं बीळ असतं, सशाला उन्हाचा आसरा असतो, तीन वर्षात तीन तुकडे करा आणि त्या जागी बोर, हेंकळ वर येऊ द्या. वाळलेल्या शेंगा खाल्लेली जनावरं माळावर सोडली तर शेणातून परत उगवते, हे आमचं झालंय. गाजरगवत फुलायच्या आधी, जूनअखेर-जुलैत, हातमोजे घालून उपटायचं, अंगाला लागलं तर खाज महिनाभर जात नाही. पावसाळ्यात त्यावर मेक्सिकन भुंगे दिसले तर औषध मारू नका, ते तुमचंच काम करतायत. टाकळा पण राहू द्या, तो गाजरगवताला दाबतो आणि कोवळा असताना भाजी होते.

बियाणं विकत आणायची गरज सहसा पडत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या काट्यातल्या पवना-मारवेलची कणसं हाताने ओरबाडून पोत्यात भरा, सावलीत वाळवा, उंदीर लागणार नाही असं टांगून ठेवा. बी हलकं, केसाळ असतं, वाऱ्यावर उडतं, म्हणून जूनच्या आधी माती आणि शेणकाल्यात कालवून उघड्या पडलेल्या जागीच फेका, जिथं आधीच गवत आहे तिथं नको. मारवेलचे ठोंब जुलैत भिज पावसात लावले तर जास्त लवकर धरतात, हात-हात अंतरावर, खुरप्याने, नांगर नाही. चाऱ्यासाठी काढलेल्या मारवेलच्या सुधारित जाती मिळतात, त्या बांधावर, गोठ्याजवळ लावा, उत्तम आहेत. माळावर मात्र माळाचंच बी. आणि सरसकट समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवे खणतात ते) खणायचा आग्रह कोणी धरला तर आधी विचारा की गवत जिथं शाबूत आहे तिथं मशीन कशाला? घळ पडलीय तिथं दगडाचे छोटे बांध घाला, बास.

गवत उभं राहिलं की कापायचं कधी हा प्रश्न येतो. बी झडल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, आणि बुडाला वीतभर ठेवून. पण एक तृतीयांश पट्टा दरवर्षी कापायचाच नाही, पट्टा बदलत जायचा. थंडीत मध्य आशियाकडून भोवत्या येतात, हे शिकारी पक्षी रात्री झाडावर नाही तर उंच गवतात जमिनीवर बसून झोपतात, दिवसभर नाकतोडे खातात. त्यांच्यासाठी उभं गवत लागतं. उलट धाविक आणि काळविटाला आखूड, विरळ जागा आवडते. म्हणून सगळा माळ एकसारखा करू नका, थोडा चरलेला, थोडा कापलेला, थोडा तसाच. कापलेल्या गवताचे भारे विकले जातात, दुष्काळात तर लोक दारात येतात.

वणव्याचं एवढंच की अजून बऱ्याच गावात समज आहे जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमात येतं. हिरवं फुटतं ते चार दिवस छान दिसतं हे खरं, पण ती कुसळ असते. सरडे, घोरपडीची पिल्लं, बी सगळं जातं. दिवाळीनंतर लगेच रस्त्याच्या बाजूने १० फुटाचा पट्टा कापून, खरवडून मोकळा करा. बहुतेक आगी बिडी-सिगारेटच्या किंवा शेजारच्या बांध जाळण्याच्या असतात.

पाणवठा करायचा असेल तर उथळ, एका बाजूने उताराचा, बशीसारखा. सरळ भिंतीच्या सिमेंट टाकीत सरडे, पिल्लं पडून मरतात. आठवड्याला घासायचा, नाहीतर रोगाचं घर होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे विहिरीला कठडा, एवढं केलं तरी दरवर्षी किती खोकडं-लांडगे वाचतील.

कुत्र्यांबद्दल कोणी बोलत नाही. पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या माळावर टाकतात, त्यावर कुत्र्यांच्या टोळ्या वाढतात आणि मग त्या चिंकाऱ्याला पळवून मारतात, शिवाय डिस्टेंपरसारखे रोग लांडग्याला देतात. मेलेलं खड्ड्यात पुरा, आपल्या कुत्र्याला लस द्या, रात्री बांधा. उंदरासाठी विष पेरू नका, ते उंदरातून घुबडाच्या पोटात जातं. त्यापेक्षा हरभऱ्यात लावता तसे पक्षीथांबे कडेच्या वावरात लावा.

लांडगा आला तर? येणारच, आणि कधीतरी मेंढरू उचलणार. त्याला मारलं तर कायद्याने गुन्हा आहेच, पण भरपाई मिळते हे लोकांना माहीत नसतं. मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही, ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवायचं, १९२६ वर फोन लागतो, पंचनामा होऊ द्यायचा, फोटो स्वतः पण काढून ठेवायचे. भरपाई यायला वेळ लागतो, पण सगळे कागद असले की येते. आणि हिवाळ्यात तुमच्या माळावर लांडग्याची गुहा सापडली, पिल्लं दिसली तर कृपा करून ग्रुपवर लोकेशन टाकू नका. आमच्या इथे एका रविवारी ७ गाड्या आल्या होत्या कॅमेरे घेऊन, सोमवारी मादीने पिल्लं उचलून नेली, परत दिसली नाहीत.

फरक पडतोय का ते बघायला दरवर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच दगडावर उभं राहून एक फोटो काढा, आणि वहीत लिहा, लेंड्या, पावलं, कुठला पक्षी. आमच्या वहीत तिसऱ्या वर्षापर्यंत काही विशेष नाही. चौथ्या वर्षी मे महिन्यात धाविकाची दोन अंडी सापडली, मुरमावर नुसती ठेवल्यासारखी, आणि ती पण कुठं तर जिथं माझी रोपं मेली होती आणि गवत अजून नीट आलं नव्हतं त्या खड्ड्यांच्या मधे.