जॉनी कॅशची गाणी कोणत्या क्रमाने ऐकावीत

जॉनी कॅशची ध्वनिमुद्रणे 1955 पासून 2003 पर्यंत पसरलेली आहेत आणि कोणत्याही संकलनात ती इतकी सरमिसळ होऊन येतात की, नव्या श्रोत्याला या कंट्री गायकाचा प्रवास त्यातून उमगत नाही. म्हणून आरंभी संकलन बाजूला ठेवावे आणि ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ हे एकच गाणे दोनदा ऐकावे : आधी 1955 चे, मग 1968 चे.

पहिले ध्वनिमुद्रण मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्स या कंपनीचे आहे. त्यात ल्यूथर पर्किन्सची इलेक्ट्रिक गिटार, मार्शल ग्रँटचा बास आणि कॅशची स्वतःची साधी गिटार एवढीच साथ आहे; ड्रम नाहीत. ती उणीव भरून काढण्यासाठी कॅश गिटारच्या तारांमध्ये कागद अडकवून वाजवीत असे, त्यामुळे तारांचा नाद दबून ड्रमसारखा खरखरीत ठोका मिळे. शक्यतो हेडफोन लावून आधी फक्त हा ठेका ऐकावा, शब्दांकडे नंतर वळावे. पश्चिम जर्मनीत अमेरिकी हवाई दलाच्या नोकरीत असताना फॉल्सम तुरुंगावरचा चित्रपट पाहून कॅशला हे गाणे सुचले. मात्र चाल आणि बरेचसे शब्द गॉर्डन जेंकिन्सच्या आधीच्या एका गाण्यावरून घेतलेले होते आणि पुढे त्याबद्दल जेंकिन्सला भरपाई द्यावी लागली, हेही चाहत्यांनी झाकून ठेवू नये.

दुसरे ध्वनिमुद्रण 13 जानेवारी 1968 रोजी कॅलिफोर्नियातील त्याच फॉल्सम तुरुंगात, कैद्यांसमोर झाले. येथे डब्ल्यू. एस. हॉलंडचे ड्रम आहेत, लय अधिक चढी आहे आणि मुख्य म्हणजे श्रोते ऐकू येतात. गाण्यातल्या, रीनो शहरात माणूस मारल्याच्या ओळीवर उठणारी आरोळी मात्र नंतर स्टुडिओत मिसळलेली आहे. पहारेकऱ्यांच्या देखत अशा ओळीला दाद देणे कैद्यांना परवडणारे नव्हते. तेव्हा खरा तुरुंग ऐकायचा असेल, तर दोन गाण्यांच्या मधले बोलणे, हशा आणि ध्वनिक्षेपकावरच्या सूचना यांकडे कान द्यावा. या कार्यक्रमाच्या अल्बमच्या शेवटी येणारे ‘ग्रेस्टोन चॅपल’ हे त्याच तुरुंगातील कैदी ग्लेन शर्ली याचे गाणे आहे. कॅशने ते आदल्या रात्री बसवले आणि शर्ली समोर बसलेला असताना गायले. कॅश स्वतः कधी शिक्षा भोगायला तुरुंगात गेला नव्हता, त्याच्या अटका कोठडीपुरत्याच राहिल्या. तरीही कैद्यांनी त्याला आपला मानले, यात त्याच्या आवाजाचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

तो आवाज समजून घ्यायला 1956 चे ‘आय वॉक द लाइन’ पुरेसे आहे. त्यात पट्टी पुन्हा पुन्हा बदलते आणि प्रत्येक कडव्याआधी कॅश गुणगुणत नवा सूर पकडतो. शेवटचे कडवे पहिल्या कडव्याचेच शब्द घेऊन, पण एक सप्तक खाली, थेट खर्जात येते. ही दोन कडवी लागोपाठ लावून पाहावीत.

यानंतर ‘रिंग ऑफ फायर’ (1963) मेक्सिकन धाटणीच्या ट्रम्पेटसाठी आणि ‘बिटर टिअर्स’ (1964) हा अमेरिकेतील मूलनिवासींवरचा अल्बम त्याच्या भूमिकेसाठी ऐकावा. रेडिओ केंद्रे त्यातले ‘द बॅलड ऑफ आयरा हेज’ वाजवायला कचरतात, हे पाहून कॅशने ‘बिलबोर्ड’मध्ये पानभर जाहिरात देऊन निवेदकांना फैलावर घेतले होते. भक्तिगीतांकडे वळण्यापूर्वी आर्कान्सातील डायस या वसाहतीत, कापसाच्या शेतात गेलेले त्याचे बालपण आणि 1944 मध्ये करवतीच्या अपघातात गेलेला मोठा भाऊ जॅक यांची माहिती असावी, म्हणजे त्या गाण्यांतली व्याकुळता उसनी वाटणार नाही.

ऐंशीच्या दशकातले बरेचसे अल्बम नवख्याने खुशाल वगळावेत. 1986 मध्ये कोलंबिया कंपनीनेही त्याच्याशी असलेला करार संपवला होता. तेथून थेट रिक रुबिन निर्मित ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ (1994) लावावा, ज्यात पुन्हा गिटार आणि आवाज एवढेच उरते. ‘हर्ट’ (2002) सर्वांत शेवटी ठेवावे, कारण आजाराने चिरकलेला तो आवाज पूर्वी किती भरीव होता, हे कानांना ठाऊक असावे लागते. त्यासोबत नाइन इंच नेल्स या रॉक बँडचे 1994 चे मूळ गाणेही ऐकावे. त्या बँडच्या ट्रेंट रेझ्नरने तरुणपणी लिहिलेले शब्द सत्तरीच्या माणसाच्या तोंडी कसे बदलतात, हे त्याशिवाय कळत नाही.