काम बिघडलं, तर ठेकेदाराचे पैसे द्यायचे का? या चुका टाळा

"काम बेकार केलंय, एक पैसा देणार नाही." हे मी फार वेळा ऐकते. बोलणाऱ्याने तोवर नव्वद टक्के रक्कम मोजलेली असते.

सगळ्यात महागात पडते ती शेवटच्या हप्त्याची घाई. आमच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग गणपतीच्या तोंडावर संपलं. ठेकेदार म्हणाला, "ताई, गावाला निघायचंय, हिशेब मिटवून टाका." मी मिटवला. नहाणीच्या जाळीला बोळा घालून दोन दिवस पाणी तुंबवून बघायचं, ते राहूनच गेलं. दसऱ्याला खालच्या काकू वर आल्या. त्यांच्या छताला ओल आली होती, रंगाचे पोपडे थेट ओट्यावर पडत होते. ठेकेदार फोन उचलेना. नवी फरशी फोडल्यावर दिसलं, कोपऱ्यात वॉटरप्रूफिंग भिंतीवर चढवलंच नव्हतं. तेव्हापासून दहा टक्के रक्कम मी एक पावसाळा अडकवून ठेवते. ही अट काम ठरवतानाच कागदावर येते. ज्याला ती मान्य नाही, त्याला मी काम देत नाही.

दुसरी चूक याच्या उलट: सगळेच पैसे अडवणं. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 70 प्रमाणे, फुकट म्हणून न केलेल्या कामाचा लाभ घेतला तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. करार मोडल्याने झालेलं नुकसान मात्र कलम 73 खाली मागता येतं. म्हणून मी आधी रुपयाच्या नाण्याने फरशी वाजवते, पोकळ वाजली की खडूने फुली मारते, फोटो काढते. यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दुरुस्तीला पंधरा दिवस देते. तरी आला नाही, तर दुसऱ्याकडून लेखी अंदाज घेऊन तेवढेच पैसे कापते, बाकीचे देते. रागाच्या भरात आधीच तोडफोड करू नका, पुरावाच जातो.

रोख पैसे दिले तर सही घ्या.

गिलाव्यावर सात दिवस पाणी न मारू देता रंगाची घाई तुम्हीच केलीत, तर तडे गेल्याचा दोष ठेकेदाराला देऊ नका. अशी घाई करणारे मला अजिबात पटत नाहीत.

समजुतीने मिटलं नाही, तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मग जिल्हा ग्राहक आयोग. कामाची रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे, आणि "उद्या येतो" ऐकण्यात ती भराभर सरते.