डीलरने नव्या गाडीची ऑर्डर रद्द केली तर : ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

ब्रिटनमध्ये स्थायिक होऊन बारा महिने झाले की भारतीय परवान्यावर गाडी चालवण्याची मुदत संपते. तोवर बहुतेक जण इथली परीक्षा देऊन परवाना मिळवतात आणि मग घरात नव्या गाडीचा विषय निघतो. गाडी कोणती घ्यावी याबद्दल सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. पैसे भरून तीन-चार महिने वाट पाहिल्यावर डीलरनेच ऑर्डर रद्द केली तर काय करायचे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. माझ्यावर ती वेळ आली, म्हणून हे लिहितो आहे.

मी नोव्हेंबरात 24,600 पौंडांना गाडी ठरवली. इथे 1 मार्च आणि 1 सप्टेंबर या दोन तारखांना नंबरप्लेटवरचा वर्षाचा आकडा बदलतो, त्यामुळे मार्चमधली डिलिव्हरी मी मुद्दाम मागून घेतली होती. फेब्रुवारीत एका शुक्रवारी संध्याकाळी फोन आला : कंपनीने किंमत वाढवली आहे, जुन्या भावात गाडी देता येणार नाही, तुमचे 500 पौंडांचे डिपॉझिट सोमवारी खात्यात जमा होईल, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. बोलणे इतके गोड होते की मीच त्यांचे आभार मानून फोन ठेवला. डिपॉझिट परत मिळाले म्हणजे विषय संपला, ही आपल्याकडची समजूत तेव्हा माझ्याही मनात पक्की होती.

ती समजूत चुकीची आहे. करार झालेला असेल आणि विक्रेत्याने तो मोडला, तर भरलेले पैसे परत करणे हा त्याच्या जबाबदारीचा केवळ पहिला भाग असतो. तीच गाडी, त्याच मॉडेलची आणि त्याच सुविधांची, दुसरीकडे वाजवी भावात घ्यायला जेवढे जास्त पैसे पडतील, तो फरकही नुकसानभरपाई म्हणून मागता येतो. गाडी द्यायलाच लावणारा आदेश न्यायालयाकडून मिळण्याची आशा मात्र धरू नये, कारण तशी गाडी बाजारात अन्यत्र मिळते. झालेल्या मनस्तापाचेही पैसे सहसा मिळत नाहीत. शिवाय नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी तुमच्यावरही असते, म्हणून त्याच मॉडेलचे दोन-तीन डीलरांचे लेखी भाव लगेच मागवावेत. मला मिळालेला सर्वांत कमी भाव 26,050 पौंड होता. म्हणजे माझी मागणी 1,450 पौंडांची ठरली.

परंतु करार झाला होता का, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. माझ्या ऑर्डर फॉर्मच्या मागच्या बाजूला फिकट करड्या, मुंगीएवढ्या अक्षरांत एक कलम होते : डीलरच्या व्यवस्थापकाने स्वीकृतीची सही करेपर्यंत हा फॉर्म म्हणजे केवळ ग्राहकाचा प्रस्ताव समजावा. सुदैवाने माझ्या प्रतीवर ती सही होती. तुम्हीही दोन्ही सह्या असलेली प्रत हातात पडल्याशिवाय शोरूममधून उठू नये. विक्रेता म्हणून कोणाचे नाव छापले आहे, तेही त्याच वेळी पाहावे. काही कंपन्या आता गाडी थेट स्वतः विकतात आणि डीलर फक्त एजंट असतो. हप्त्याने घेतलेल्या गाडीत बहुधा फायनान्स कंपनी गाडी विकत घेऊन तुम्हाला देते. दावा चुकीच्या माणसावर केला, तर चांगली बाजूही वाया जाते.

फॉर्मवर ‘आम्ही कधीही ऑर्डर रद्द करू शकतो’ असे छापलेले असले, म्हणून हात टेकू नयेत. 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार अन्यायकारक कलम ग्राहकावर बंधनकारक नसते. विक्रेत्याला मनमानीने करार मोडण्याची मुभा देऊन ग्राहकाला तीच मुभा नाकारणारे कलम, किंवा ग्राहकाने माघार घेतली तर डिपॉझिट जप्त पण विक्रेत्याने घेतली तर भरपाई शून्य असे सांगणारे कलम, या कायद्याच्या परिशिष्टात संशयास्पद कलमांचे नमुने म्हणून दिलेले आहे. याउलट, कारखान्याने ते मॉडेलच बंद केले तर ऑर्डर रद्द होईल, असे स्पष्ट लिहिलेले कलम टिकण्याची शक्यता बरीच असते. आपली बाजू कुठे लंगडी आहे, हे आधीच ओळखलेले बरे.

डिपॉझिट कसे भरले, यावरही पुष्कळ अवलंबून असते. 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम 75 मुळे क्रेडिट कार्ड देणारी बँक विक्रेत्याइतकीच जबाबदार ठरते. कार्डावर फक्त डिपॉझिट भरले असले तरी जबाबदारी पूर्ण व्यवहाराची असते. मात्र वस्तूची रोख किंमत 100 पौंडांपेक्षा जास्त आणि 30,000 पौंडांपर्यंत असली पाहिजे. इथेच अनेक जण फसतात : मर्यादा डिपॉझिटची नसून गाडीच्या किमतीची आहे, त्यामुळे 31,000 पौंडांच्या गाडीला हे कलम लागू होत नाही. डेबिट कार्डावर चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत भरलेले पैसे परत, मागता येतो, पण त्यातून भरलेली रक्कमच काय ती परत येते. बँक ट्रान्स्फरने डिपॉझिट भरू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

फोनवर वाद घालण्यात अर्थ नाही. मी सोमवारी ईमेल पाठवला : अमुक तारखेचा करार तुम्ही मोडला आहे, डिपॉझिट मी केवळ अंशतः भरपाई म्हणून स्वीकारतो आहे, बदली गाडीचे भाव सोबत जोडले आहेत, आणि चौदा दिवसांत फरक न मिळाल्यास मी दावा दाखल करीन. ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे लिहिलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नये, मग तो कितीही निरुपद्रवी दिसो.

भारतातल्यासारखे ग्राहक मंच इथे नाहीत, हे ऐकून नवीन माणूस गोंधळतो. ट्रेडिंग स्टँडर्ड्स हे खाते गैरप्रकारांची चौकशी करते, पण तुमचा एकट्याचा दावा लढवत नाही. सिटिझन्स अॅडव्हाइस मोफत सल्ला देते. डीलर मोटर ओम्बुड्समन या वाहनविषयक तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेचा सदस्य असेल, तर त्याला उत्तरासाठी आठ आठवडे देऊन तिथे विनाशुल्क तक्रार नेता येते. बँकेने कलम 75 खालची मागणी फेटाळली, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या फायनान्शियल ओम्बुड्समनकडे जावे. शेवटचा मार्ग न्यायालयाचा : इंग्लंड व वेल्समध्ये 10,000 पौंडांपर्यंतचा दावा वकिलाशिवाय ऑनलाइन दाखल करता येतो, आणि मे 2024 पासून अशा दाव्यांत सुनावणीपूर्वी तासाभराची फोनवरची मोफत मध्यस्थी बंधनकारक आहे. स्कॉटलंडमध्ये पद्धत वेगळी असून मर्यादा 5,000 पौंडांची आहे.

माझे प्रकरण तिथवर गेले नाही. अकराव्या दिवशी डीलरने 1,100 पौंड देऊ केले. पूर्ण 1,450 साठी अडून राहावे, असे पत्नीचे म्हणणे होते. मला गाडी हवी होती, मी घेतले. ती कदाचित बरोबरही असेल.

राहता राहिली जुनी गाडी. नव्या गाडीच्या बदल्यात ती द्यायची ठरली असेल, तर ऑर्डर रद्द होताच तिला ठरलेला भावही जातो, म्हणून नवी किल्ली हातात येईपर्यंत जुनी विकू नये आणि तिचा विमा व एमओटी (गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) चालू ठेवावा. माझ्या जुन्या गाडीचा एमओटी नेमका त्याच आठवड्यात संपत होता. ‘आता कशाला करायचा’ म्हणून मी तो टाळला होता, आणि शनिवारी सकाळी सात वाजता गॅरेजबाहेरच्या रांगेत उभा होतो.