वणव्याचा धूर उपग्रहचित्रांवर कसा शोधावा आणि त्याचा माग कसा काढावा

सरावासाठी ७ जून २०२३ ही तारीख घ्या. कॅनडातल्या क्वेबेकमधल्या वणव्यांचा धूर त्या दिवशी न्यूयॉर्कवर उतरला होता, आणि तो इतका दाट होता की नवख्यालाही चुकणार नाही. ब्राउझरमध्ये नासाचे ‘वर्ल्डव्ह्यू’ उघडा. ते मोफत आहे, खाते लागत नाही.

आधी खऱ्या रंगांचे चित्र लावा. २०२३ मध्ये टेरा उपग्रह सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास जात असे, सुओमी एनपीपी उपग्रह दुपारी दीडच्या आसपास. नेमकी वेळ ऑर्बिट ट्रॅकच्या, म्हणजे उपग्रहाच्या मार्गाच्या लेयरवर (चित्रावर चढवायच्या थरावर) दिसते, पण ती यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. तिथेच बरेचजण फसतात. ढग पांढराशुभ्र असतो, त्याला कडा आणि पोत असतो. धूर करडा-तपकिरी आणि पुसट कडेचा, खालची जमीन त्यातून अंधूक दिसते. फक्त विरळ धूर आणि पातळ उंच ढग यांत डोळा हमखास गोंधळतो.

मग आगीचे ठिपके चढवा. व्हिअर्स (सुओमी एनपीपीवरचे उपकरण) याचे ठिपके ३७५ मीटरचे, मोडिस (टेरावरचे उपकरण) याचे १ किलोमीटरचे, म्हणून व्हिअर्स आधी. धुराचा पट्टा उलट दिशेने ठिपक्यांपर्यंत जुळतो का, ते बघा. ठिपका म्हणजे वणवाच असे नाही. तेलक्षेत्रातल्या गॅसच्या ज्वाळाही तशाच उमटतात. ठिपका नाही म्हणून आग नाही, असेही नाही. वर दाट ढग असले की ती दिसतच नाही.

आता यूव्ही एरोसोल इंडेक्स, म्हणजे हवेतल्या सूक्ष्म कणांचा अतिनील निर्देशांक लावा. धूर अतिनील प्रकाश शोषतो, त्यामुळे आकडा शून्याच्या वर जातो. साधा ढग शून्याच्या जवळपास राहतो. ढगावर किंवा बर्फावर तरंगणारा धूर इथेच सापडतो. अडचणी दोन. जमिनीलगतचा धूर फिका उमटतो आणि वाळवंटी धूळही असाच आकडा देते. धूळ की धूर, हे ठरवायला एअर्स या उपग्रहावरच्या उपकरणाचा कार्बन मोनॉक्साइडचा लेयर जोडा, कारण हा वायू जळण्यातून येतो, धुळीतून नाही. तो लेयर ५०० हेक्टोपास्कल इतक्या हवेच्या दाबाचा, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर उंचीचा आहे. त्यामुळे तो कोरा दिसला तरी खालच्या धुराची शक्यता उरतेच.

एरोसोल ऑप्टिकल डेप्थ, म्हणजे एओडी, धूर किती दाट आहे ते सांगते. पण गंमत अशी की धूर फारच दाट झाला की गणनेला तो ढग वाटतो आणि नेमक्या पट्ट्याच्या पोटात भोक पडते. ते भोक ‘स्वच्छ हवा’ म्हणून वाचू नका, खऱ्या रंगांच्या चित्राशी ताडून बघा. शिवाय एओडी हा जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेचा हिशेब आहे. आकडा मोठा असूनही धूर चार किलोमीटर वर असू शकतो आणि खाली श्वासाला त्रास नसतो. नाकाजवळच्या हवेसाठी जमिनीवरच्या केंद्राचे पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण बघावे लागते.

वेग काढणे सोपे आहे. टेराच्या चित्रात पट्ट्याचे टोक हेरा, सुओमी एनपीपीच्या चित्रात तेच टोक शोधा आणि मोजपट्टीने अंतर घ्या. तीन तासांत १५० किलोमीटर सरकले असेल तर वेग ताशी ५०. दोन्ही चित्रांत टोक सारखेच ओळखता आले नाही, तर हे गणित सोडून द्या.

अधलेमधले तास हवे असतील तर भूस्थिर, म्हणजे पृथ्वीच्या एकाच भागावर कायम असणारे उपग्रह घ्या: अमेरिका खंडांसाठी गोज, पूर्व आशिया आणि ऑस्ट्रेलियासाठी हिमावारी. दर १० मिनिटांनी चित्र येते. सूर्य कललेला असताना, सकाळी किंवा संध्याकाळी, विरळ धूरही उठून दिसतो. रात्री मात्र शोधत बसू नका. औष्णिक अवरक्त किरण धुरातून जवळपास आरपार जातात, त्यामुळे आग दिसते पण धूर नाही.

शेवटी नोआ या अमेरिकी हवामान-सागर संस्थेच्या ‘हायस्प्लिट’ या हवेचा मार्ग काढणाऱ्या साधनात, धूर पोहोचला तिथून ७२ तासांचा उलटा मार्ग काढा. सुरुवात जमिनीपासून ५००, १५०० आणि ३००० मीटर अशा तीन उंचींवर द्या, कारण प्रत्येक उंचीवर वारा वेगळा असतो. जी रेषा ठिपक्यांकडे जाते, ती धुराच्या उंचीचाही अंदाज देते. तिन्ही रेषा भलतीकडे गेल्या, तर सुरुवातीची वेळ यूटीसीत दिली होती का, ते आधी तपासा.