एनसीसीचा अहवाल लिहिताय? या चुका टाळा

मार्च आला की पुण्यातल्या कॉलेजांत एनसीसीच्या वार्षिक अहवालाची धावपळ सुरू होते. मीही काही वर्षं तो लिहिलाय. पहिल्याच वर्षी ठळक अक्षरांत छापलं, ‘सी सर्टिफिकेटचा निकाल शंभर टक्के’. (सी सर्टिफिकेट म्हणजे एनसीसीच्या तिसऱ्या वर्षीची शेवटची परीक्षा.) प्राचार्य खूश. मग एका कॅडेटच्या वडिलांनी सहज विचारलं, “सर, भरतीच्या दिवशी रांग गेटपर्यंत होती. बाकीची पोरं कुठं गेली?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटपर्यंत टिकले तेवढेच मोजायचे, ही सगळ्यात मोठी चूक. समजा, पहिल्या वर्षी ५० जणांची एनरोलमेंट झाली. तिसऱ्या वर्षी १८ जण परीक्षेला बसले आणि सगळे पास झाले. निकाल शंभर टक्के हे खरं, आणि ५० पैकी १८, म्हणजे ३६ टक्के, हेही खरं. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा. गळालेल्या ३२ जणांना फोन करा. कुणाचं प्रॅक्टिकल परेडच्या वेळेला येतं, कुणाला हडपसरहून पहाटे बस मिळत नाही, कुणी घरासाठी नोकरी धरलेली असते. ट्रेनिंगला कंटाळून गेलेले यातून वेगळे काढल्याशिवाय ट्रेनिंगबद्दल काहीच कळत नाही.

हजेरीचंही तसंच. आमच्याकडे मस्टर नाश्त्याच्या वेळी भरायचे. फॉलइनला, म्हणजे परेडसाठी रांगेत उभं राहताना, तीस डोकी आणि वडापावला पंचेचाळीस! परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, त्यामुळे हा फरक गमतीत सोडून देण्यासारखा नाही. मोजणी फॉलइनलाच करा.

दुसरी चूक जरा फसवी आहे. ‘एनसीसीमुळे मुलं शिस्तीची झाली’ असं आपण बिनधास्त लिहितो. पण भरतीच्या वेळी धावायला लावून, मुलाखत घेऊन आपणच चुणचुणीत पोरं निवडलेली असतात. त्यांची तुलना अख्ख्या वर्गाशी केली तर ती उजवीच दिसणार. त्यापेक्षा अर्ज करून थोडक्यात हुकलेल्यांची यादी जपून ठेवा. हौस त्यांनाही तेवढीच होती. दोन वर्षांनी दोन्ही गटांची वर्गातली हजेरी आणि निकाल ताडून पाहा. फरक कमी निघाला तरी छापा.

लष्करातल्या निवडींचे आकडे देताना फार घोळ होतो. बारावीनंतर खडकवासल्याला एनडीएत जाणारा मुलगा यूपीएससीची लेखी परीक्षा देऊनच जातो; ते श्रेय सी सर्टिफिकेटच्या खात्यात टाकू नका. सी सर्टिफिकेटवर एनसीसी स्पेशल एंट्रीत, म्हणजे लष्करात अधिकारी होण्याच्या खास वाटेत, लेखी परीक्षा माफ होते, एसएसबी (अधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत) मात्र चुकत नाही. म्हणून अर्ज किती, एसएसबीला किती, शिफारस किती, मेडिकलनंतर रुजू किती, असे चार रकाने ठेवा.

माजी कॅडेटांच्या मेळाव्यात ‘आमच्या वेळी मैदान भरायचं’ हे हमखास ऐकू येतं. भरणारच! १९६२ च्या युद्धानंतर १९६३ मध्ये एनसीसी सक्तीची झाली होती आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. त्या संख्येशी आजची संख्या लावू नका.

कॅम्पच्या शेवटच्या दिवशी, पीआय स्टाफ (लष्करातून आलेले प्रशिक्षक) समोर उभा असताना भरून घेतलेले अभिप्रायाचे फॉर्म तर रद्दीतच गेलेले बरे. महिन्याभराने, नाव न विचारता घ्या. वृक्षारोपणात लावलेली रोपं नकोत, पुढच्या जूनला टेकडीवर जगलेली मोजा.

अहवाल सगळ्यांसमोर ठेवताना ज्युनिअर डिव्हिजनच्या (शाळकरी) मुलांची नावं, फोन नंबर, फोटो वगळा; २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला ‘मूल’च धरलं आहे. एखाद्या रकान्यात दोन-तीनच कॅडेट असतील तर तो दुसऱ्यात मिसळा, नाहीतर कोण ते अख्खं कॉलेज ओळखतं. आणि कागद नव्या एनरोलमेंटच्या आधी लावा, म्हणजे गेटपाशी रांगेत उभं राहायच्या आधी पालकांना तो वाचता येईल.